शेवटच्या वीस मीटरचं गणित

बर्लिन, १६ ऑगस्ट २००९. उसेन बोल्टने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, अवघ्या ४१ पावलांत. पण त्या धावेचे तुकडे पाहा: साठ ते ऐंशी मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत, शेवटचे वीस मीटर १.६६ सेकंदांत. म्हणजे शेवटी तोही मंदावलाच होता! अखेरीस सुसाट सुटल्यासारखा दिसणारा धावपटू बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावत असतो.

वेग टिकवायचा तर तो ताज्या पायांनीच सरावावा लागतो, म्हणूनच वेगाच्या सरावात जाणते प्रशिक्षक विश्रांतीला जपतात. पूर्ण जोर लावला की स्नायूंतलं झटपट ऊर्जा पुरवणारं क्रिएटिन फॉस्फेट काही सेकंदांतच बरंचसं खर्ची पडतं, आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. तीस मीटरची एक धाव, मग तीन-चार मिनिटं नुसतं चालणं. बघणाऱ्याला हा आळस वाटतो. पण दमल्या पायांनी मारलेल्या दहा धावा शरीराला संथ धावायलाच शिकवतात. मुलांना ओकारी येईपर्यंत पळवणं म्हणजे मेहनत, ही समजूत मला फार खुपते.

स्पर्धेआधीचे साधारण दोन आठवडे धावांची संख्या घटते, जोर मात्र तसाच राहतो. शेवटच्या दिवसांत खेळाडू ब्लॉकमधून चार-सहा वेळा सुटतो, स्पाइक्स काढतो आणि घरी जातो.