नर्मदेचे रुधिर

माघ शुद्ध सप्तमी ही नर्मदा जयंती. या दिवशी अनेक घरी देव्हाऱ्यातील बाणलिंगास अभिषेक होतो आणि शेजारी तांबड्या अकीकाची जपमाळ असते. बाण नर्मदामाईने घडविला अशी आपली श्रद्धा. मणी मात्र माणसाने घडविले. त्या माणसाविषयी आम्हांस चार शब्द निवेदन करावयाचे आहेत.

गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत बलासुराच्या देहापासून रत्ने निपजल्याची कथा आहे. त्यांपैकी 'रुधिराख्य' हे रत्न अग्नीने नर्मदेत टाकले. जाणकार यास तांबडा अकीक मानतात. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या प्रसिद्ध खाणी नर्मदेच्याच खोऱ्यात आहेत. अग्नीचा उल्लेखही आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. खाणीतला दगड मळकट दिसतो. तो उन्हात वाळवून, मडक्यात घालून मंद आचेवर भाजला म्हणजे आतील लोहांश लाल होतो. मग खंबायतचा, म्हणजे हल्लीच्या खंभातचा, कारागीर तो लोखंडी खुंटीच्या टोकाशी धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके उडवितो.

ही विद्या किती जुनी? जवळच्या लोथल येथे १९५५ साली सुरू झालेल्या उत्खननात चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा मण्यांचा कारखानाच निघाला. पुढे बाबा घोर या हबशी साधुपुरुषाचे नाव या धंद्याशी जडले. रतनपूरच्या त्यांच्या दर्ग्यास हिंदूही नवस बोलतात.

एकोणिसाव्या शतकात या धंद्यास स्पर्धक उभा राहिला. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइनच्या पिढीजात घराण्यांनी स्वतःच्या खाणी आटल्यावर ब्राझीलचा दगड आणला, पाणचक्कीवर घासला आणि खंबायतच्या घाटाचे मणी आफ्रिकेत विकले. तो घाव खंबायतने सोसला. खरा घाव घरातच होता. पूर्वी हाताच्या बळावर मंदपणे चालणारे घासकाम विजेच्या कुरुंदचाकावर आले आणि दगडाची सूक्ष्म धूळ घरभर उडू लागली. ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. त्यातून बरे करणारे औषध नाही. घासणाऱ्यांतील हा रोग १९९०च्या दशकातील वैद्यकीय पाहण्यांत नोंदला गेला. चाक न चालविणारी घरची व शेजारची माणसेही त्यातून सुटत नाहीत. मजुरी नगावर; आजारपणाची जबाबदारी व्यापारी घेईलच असे नाही.

आमच्या माळेत १०८ मणी आहेत. ती घेताना, हे कोणी घासले, चाकावर पाणी अथवा धूळ ओढणारे यंत्र होते काय, असे आम्ही दुकानदारास विचारले. त्यास ठाऊक नव्हते. त्याने पैसे मोजले आणि माळ कागदात गुंडाळून दिली.