ब्लँकेट विणायचंय? आधी फक्त वीस टाके विणा

आजचा भाग कानात इअरफोन आणि हातात सुई घेऊन ऐकायचा आहे. हे त्याचं लिखित रूप. टाक्यांचे आकडे ऐकताना निसटतात, म्हणून विणताना हे पान उघडं ठेवा.

क्रोशे म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण नाहीतर मणी लावलेलं जाळीचं झाकण आठवतं. तिथे लागतो बारीक दोरा आणि बारीक सुई. ब्लँकेटसाठी दोन्ही जाड लागतात, त्यामुळे शिकायला हे उलट सोपं, कारण टाका डोळ्यांना नीट दिसतो. ५ एमएमचा हुक घ्या आणि त्याला साजेशी जाडसर लोकर. साजेशी कुठली, हे लोकरीच्या लेबलवरच हुकच्या नंबराने छापलेलं असतं. रंग फिकट घ्या. काळ्या लोकरीत टाके शोधताना भलेभले रडकुंडीला येतात.

फक्त दोन टाके यायला हवेत. मी त्यांना छोटा खांब आणि उंच खांब म्हणते.

छोटा खांब: सुई टाक्यात घाला, धागा ओढून आणा, सुईवर दोन वेढे झाले. पुन्हा धागा घ्या आणि दोन्हींतून एकदम बाहेर काढा.

उंच खांब: टाक्यात शिरायच्या आधीच सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या. मग सुई टाक्यात, धागा ओढा, आता सुईवर तीन वेढे. धागा घेऊन दोनमधून काढा, पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोनमधून काढा. झालं.

यूट्यूबवर शिकणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात. आणि अमेरिकेचा डबल म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल! ओळखायचं कसं? पॅटर्नमध्ये 'सिंगल क्रोशे' हा शब्द दिसला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही.

आता नक्षी. एक छोटा, एक उंच, एक छोटा, एक उंच, अशी ओळ संपवायची. पुढच्या ओळीत छोट्याच्या डोक्यावर उंच आणि उंचाच्या डोक्यावर छोटा. बास, एवढंच! शेजारी शेजारी उंची वेगळी असल्यामुळे टाके दाटीवाटीने बसतात आणि कापडावर बारीक दाणे उठतात. त्या खळग्यांत हवा अडकते, ऊब येते ती त्यामुळे. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे उलट-सुलटची भानगड नाही.

पण थांबा, लगेच दहा गुंडे आणायला धावू नका. एकच गुंडा आणा आणि २१ साखळ्या घाला. हुकजवळची पहिली साखळी सोडून दुसरीपासून सुरुवात करा, म्हणजे बरोबर २० टाके होतात. साधारण चौकोन होईपर्यंत विणा, मग मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा.

समजा तुमचा तुकडा १४ बाय १४ सेंटीमीटर झाला, त्यात १६ ओळी बसल्या आणि वजन भरलं ९ ग्रॅम. आपल्याला ७५ बाय ९० सेंटीमीटरचं, एसीत पायांवर घ्यायचं ब्लँकेट हवंय. ७५ भागिले १४ गुणिले २० म्हणजे १०७. आपल्याला सम संख्या लागते, म्हणून १०८ टाके. तशाच हिशोबाने ओळी होतात १०३. क्षेत्रफळ तुकड्याच्या साधारण साडेचौतीस पट, म्हणजे लोकर ३१० ग्रॅम. थोडी जास्त, ३५० ग्रॅम आणा आणि सगळ्या गुंड्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो आणि तो पट्टा ब्लँकेटवर लांबून दिसतो. तुमचा हात सैल असेल तर तुमचे आकडे वेगळे येतील, माझे उतरवून घेऊ नका.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट बाहेर पडते. १०८ गुणिले १०३ म्हणजे अकरा हजारांवर टाके. नवशिक्याचा वेग मिनिटाला दहा टाके धरला तर साडेअठरा तास. रोज ४० मिनिटं दिली तर चार आठवडे. त्यामुळे 'लोकरीचे पैसे देते, मला एक करून दे ना' म्हणणाऱ्या मैत्रिणीला हा आकडा जरूर ऐकवा. तासाला फक्त १०० रुपये धरले तरी मजुरीच १,८५० होते. इन्स्टावर हाताने विणलेलं ब्लँकेट बघून 'एवढं महाग?' असं लिहिण्याआधीही हा गुणाकार करून बघायला हरकत नाही.

मुख्य कामासाठी १०९ साखळ्या घाला, सैल हाताने. हात घट्ट असेल तर फक्त साखळ्यांना एक नंबर मोठा हुक वापरा, नाहीतर खालची कड आवळते. दर २० साखळ्यांना एक सेफ्टी पिन लावा, मोजणं सोपं जातं. प्रत्येक ओळ छोट्या खांबाने सुरू होते आणि उंच खांबाने संपते. मग काम वळवा, एक साखळी घाला (ती टाका म्हणून मोजायची नाही) आणि अगदी पहिल्या उंच खांबावरच छोटा खांब घाला.

बहुतेकांचं ब्लँकेट बिघडतं ते इथेच. कडेचा टाका सुटतो किंवा त्या वळणाच्या साखळीतही एक टाका घातला जातो, आणि चौकोनाचा हळूहळू पतंग होतो. ओळीच्या शेवटच्या टाक्यावर छोटा खांब यायला लागला, तर समजा की एक टाका कमी किंवा जास्त झालाय. पण चूक दोन टाक्यांची असेल तर ही खूण फसवते. म्हणून दर पाच ओळींनी पूर्ण मोजा. आणि उसवायची वेळ आली तर उसवा हो! क्रोशेत सुईवर एकच वेढा असतो, धागा ओढला की सरळ उसवत जातं.

नवीन गुंडा जोडताना १५ सेंटीमीटरचं शेपूट सोडा आणि मोठ्या नाकाच्या सुईने ते टाक्यांतून जाऊन-येऊन दडवा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक धुण्यात बाहेर येतं.

लोकर कुठली? ॲक्रिलिक स्वस्त, हलकी, लवकर वाळणारी, पण तिला इस्त्री नको, वितळते. सुती धाग्याचं ब्लँकेट मुंबई-कोकणच्या हवेत अंगाला बरं वाटतं, फक्त जड होतं आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. बाळासाठी विणत असाल तर ते कुशीत घेताना किंवा बाबागाडीत, तुमच्या डोळ्यांसमोर वापरा. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नये असं डॉक्टर सांगतात. आणि धुतल्यावर दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने ते लांबतं. चटईवर आडवं पसरा, कडा हाताने सरळ करा आणि तसंच वाळू द्या.