टकलं पान

एका वाचकाचं पत्र आहे. जुन्या वनस्पतिग्रंथात त्यांना ‘फोलिइस ओव्हातिस ग्लाब्रिस’ असं वर्णन सापडलं. शब्दकोशात ‘ग्लाबेर’ म्हणजे टकला. पान टकलं कसं असेल?

असतं की! ज्यावर लव नाही, ते टकलं. वनस्पतिशास्त्राची लॅटिन ही रोमन वक्त्यांची लॅटिन नव्हेच. तिने शब्द उचलले ते रोजच्या वापरातले. पुंकेसर म्हणजे ‘स्टामेन’, मागावरचा ताण्याचा धागा. स्त्रीकेसर म्हणजे ‘पिस्टिलुम’, खलातला बत्ता. लिलीचं फूल उभं चिरून पाहा, बत्ता लगेच ओळखू येतो.

या वर्णनांत क्रियापद शोधू नका, बहुधा नसतंच. ‘फोलिइस’चा अर्थ ‘अशा अशा पानांनी युक्त’. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘इत्थंभूतलक्षणे’ ही तृतीया आठवेल: जटांवरून तापस ओळखायचा, तसं पानांवरून झाड. पाणिनीचं सूत्र इथे इतकं चपखल बसावं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

1935 पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. 2012 पासून इंग्रजीही चालते. तेव्हा ‘लॅटिन संपली’ अशी हाकाटी झाली. पण आधीच्या शतकांतलं लिखाण कोण वाचणार?

ते वाचणारा माणूस केरळात होता. ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथाचे 12 खंड 1678 ते 1693 दरम्यान अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्यांचा भरपूर आधार घेतला, पण त्यातली लॅटिन त्याच्याही आधीची, परिभाषा पक्की होण्यापूर्वीची. नुसत्या शब्दकोशाने ती उलगडत नाही. कालिकत विद्यापीठाचे के. एस. मणिलाल विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ हिंडले. ग्रंथातल्या 742 वनस्पतींपैकी जवळजवळ सगळ्या त्यांनी ओळखल्या आणि तीन दशकांहून अधिक खपून इंग्रजी भाषांतर केलं. ते 2003 मध्ये आलं. आधी झाड, मग वाक्य, अशी ती रीत. लिनियसचे पुतळे उभे राहतात; मणिलाल यांचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

पत्रलेखकांना एक सुचवतो: ‘हॉर्टस मलबारिकस’ची चित्रं जरूर पाहा. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी या कामाला हातभार लावला. त्यांनी दिलेलं 1675 चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलंय. चित्रांवर झाडांची कोकणी नावंही नागरीतच आहेत. लॅटिन ओळ अडली, तर आधी ती नावं वाचा.