कच्च्या रस्त्यावरचा तोल

डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे सफाईने मोटारसायकल चालविणारेही खडी-मातीच्या वाटेवर गडबडतात. सैल खडीवर चाक थोडेफार सरकणारच. पण घाबरलेला चालक हँडल आवळून धरतो, पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि पडतो.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे फूटरेस्टवर उभे राहणे. गुडघ्यांनी टाकी धरावी व हात सैल ठेवावेत. धक्के पाय पेलतात आणि गाडीला खाली हलण्यास मोकळीक मिळते. नजर दूरवर असावी. समोरच्या दगडावर ती खिळली की गाडीही तिकडेच जाते.

एबीएस चाक अडू देत नाही. मात्र सैल मातीत त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्हणूनच २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्डच्या ‘हिमालयन ४५०’मध्ये मागील चाकाचे एबीएस बंद करता येते. तीव्र उतारावर पहिल्या गिअरमध्ये राहून इंजिनानेच वेग रोखावा.

या गाडीचे वजन १९६ किलो आहे. आडवी झालेली गाडी कंबरेवर ताण न देता, पायांच्या जोरावर उचलण्याचाही सराव हवा. हेल्मेट व घोटा झाकणारे बूट घालून मोकळ्या मैदानावर, माणसाच्या चालीइतक्या वेगाने सुरुवात करावी. चाकाचे सरकणे ओळखीचे झाले, की भीती आपोआप ओसरते.