शेवटचा हात कोणाचा?

गिअरचा एक दात तुटला की तीन पार्ट्या एकमेकांकडे बोट दाखवतात : पोलाद पुरवणारा, हीट ट्रीटमेंट करणारा आणि ग्राइंडिंग करणारा. भांडण मिटलं नाही की गिअर आमच्या लॅबमध्ये येतो. भोसरी-चाकण पट्ट्यात एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या यंत्राला पंचाचा मान आहे. त्याने दिलेला आकडा सहसा कोणी नाकारत नाही. पण तो आकडा येण्याआधी टेबलाशी काय काय घडतं, ते रिपोर्टात कधीच छापलं जात नाही.

चकाचक गिअर

एका कारखान्याचे सुपरवायझर वर्तमानपत्रात गुंडाळून गिअर घेऊन आले. उघडून बघतो तर चकाचक.

“साहेब, गंज होता थोडा. म्हटलं, लॅबमध्ये असा कसा न्यायचा? पॉलिश पेपर मारून आणलाय.”

आमच्या जुन्या टेक्निशियनने कपाळाला हात लावला. क्रोमियम ट्यूबचे क्ष-किरण पोलादात जेमतेम ५ मायक्रॉन शिरतात. त्याखाली काय दडलंय, याचा त्यांना पत्ता नसतो. आणि पॉलिश पेपर हाताने घासला, तरी नेमका तेवढ्याच थरात नवा ताण भरला जातो, बहुतेक वेळा दाबाचा.

झालंही तसंच. पहिलं माप चांगलं दाबाचं आलं. सुपरवायझर खूश! पृष्ठभाग दाबाखाली असला की तडा उघडायला वाव मिळत नाही. शॉट पीनिंग करतात ते त्यासाठीच. आम्ही काही न बोलता दाताभोवती टेप चिकटवली आणि मिठाच्या द्रावणात इलेक्ट्रोपॉलिशिंग लावलं. यात धातू विरघळतो, घासला जात नाही, म्हणून नवा ताण पडत नाही. थोडा थर काढायचा, मोजायचं, पुन्हा थोडा काढायचा. पॉलिश पेपरची करामत संपली आणि आकडा उलटला. खाली सगळा ओढीचा ताण.

ग्राइंडिंगचं चाक जास्त खोल घातलं किंवा कूलंट नीट पोचलं नाही, की वरचा थर क्षणात तापतो आणि फुगायला बघतो. खालचं थंड पोलाद त्याला फुगू देत नाही. मग तो जागच्या जागी दबतो आणि गार होताना आखडतो. हा आखडलेला थर पुढे कायम ओढलेला राहतो आणि तड्याला आयतं निमंत्रण मिळतं. डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही.

अर्ध्या अंशाचा खेळ

हे दिसतं कसं? स्फटिकात अणूंच्या थरांमधलं अंतर ठरलेलं असतं. ताण आला की ते किंचित बदलतं आणि परतणाऱ्या किरणांचा कोन सरकतो. पण किती? पोलादावर साधारण २०० मेगापास्कलची ओढ पडली, तर त्या दिशेने अंतर ०.१ टक्क्याने वाढतं. तांब्याच्या ट्यूबने लोखंडाची ४४.७ अंशांची रेषा पाहिली, तर एवढ्या बदलाने ती ०.०५ अंशही सरकत नाही. क्रोमियमची ट्यूब लावून १५६ अंशांजवळची रेषा घेतली, तर तोच बदल अर्ध्या अंशाचा होतो. शिवाय तांब्याच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकू लागतं आणि त्या गदारोळात रेषा बुडते. म्हणून पोलादाचा ताण मोजायला आम्ही क्रोमियम सोडत नाही. नमुना वेगवेगळ्या कोनांत झुकवून तेच अंतर पुन्हा पुन्हा मोजायचं. झुकाव वाढेल तसं ते कसं बदलतं, त्यावरून ताण काढायचा.

मोरचूद आणि दहा शिलिंग

या विद्येचा जन्मच मुळी अशा खटपटीतून झाला. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या डोक्यात आलं, की क्ष-किरण लहरी असतील तर स्फटिकातून जाताना त्यांची नक्षी उमटायला हवी. आर्नोल्ड सॉमरफेल्ड यांना ते पटेना. उष्णतेने अणू सतत हलत असतात, नक्षी टिकेल कशी? तरी त्यांचाच साहाय्यक वाल्टर फ्रीडरिश आणि त्याचा जोडीदार पाउल क्निपिंग यांनी एप्रिलमध्ये प्रयोग लावलाच. हाताशी होता मोरचुदाचा स्फटिक. फोटोची काच ठेवली बाजूला. कोरी निघाली. मग क्निपिंगने काचा इतर बाजूंनाही लावल्या आणि स्फटिकामागच्या काचेवर ठिपके उमटले. सिद्धान्त तोच, स्फटिकही तोच. बदलली फक्त काचेची जागा. लाउए यांना १९१४चं नोबेल मिळालं.

तिकडे केंब्रिजमध्ये २२ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने त्या ठिपक्यांचं साधं गणित मांडलं. प्रयोगाच्या उत्साहात त्याने इंडक्शन कॉइल इतकी राबवली, की तिचा प्लॅटिनमचा कॉन्टॅक्ट जळाला. दहा शिलिंगांचं नुकसान! वर्कशॉप सांभाळणारे लिंकन असे बिनसले, की त्यांनी महिनाभर नवा कॉन्टॅक्ट दिला नाही. पुढे वयाच्या २५व्या वर्षी ब्रॅगला वडिलांसोबत नोबेल मिळालं. स्टोअरच्या खिडकीशी स्पेअरसाठी ताटकळलेल्या प्रत्येकाला हा किस्सा आपला वाटतो.

न घातलेलं लोखंड

आमच्याकडे पीएचडीची मुलंही पूड घेऊन येतात. एकजण आलेख बघून हरखला. “सर, मी लोखंड घातलंच नव्हतं, तरी ४४.७ला पीक आलाय! नवीन फेज असणार.” त्या कोनावर लोखंड येतं हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमही तिथेच येतं. ६५ अंशांवरही दोघं शेजारीशेजारी बसतात. फरक कळतो तो ३८.५ अंशांवर : तिथे अ‍ॅल्युमिनियमची सगळ्यात जोरदार रेषा असते, लोखंडाची काहीच नसते. त्याच्या आलेखात ती ठसठशीत होती. पूड कमी पडली होती आणि किरण थेट होल्डरच्या अ‍ॅल्युमिनियमवर पडत होते.

पूड किती भरली, यावरही बरंच अवलंबून असतं. पृष्ठभाग ०.१ मिलिमीटर खाली राहिला, तर २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात लहान कोनांच्या रेषा ०.०५ अंशाहून जास्त सरकतात. एवढ्यावर कुणी स्फटिकाचं माप बदलल्याचा प्रबंध लिहून बसेल! म्हणून आम्ही काचपट्टीने पूड काठाबरोबर सपाट करतो. तीही हलक्या हाताने, कारण जोरात दाबली तर चपटे कण एकाच अंगावर झोपतात आणि रेषांच्या उंचीचं प्रमाण बिघडतं.

शून्य आलंच पाहिजे

रोज पहिला नंबर ग्राहकाचा नसतो, लोखंडाच्या पुडीचा असतो. भट्टीत तापवून सावकाश गार केलेल्या या पुडीत प्रत्येक कण सुटा, त्यामुळे ताण धरून ठेवायला काही उरत नाही. माप शून्य यायला हवं. प्रमाणित पद्धतीत १४ मेगापास्कलपर्यंतची चूक चालते. ३० आलं, तर दाराशी कितीही माणसं खोळंबली तरी काम थांबतं आणि यंत्राची मांडणी पुन्हा तपासायला घेतात. “साहेब, रिपोर्ट आजच पाहिजे हो,” हे पालुपद तेव्हा कोणी ऐकत नाही.

त्या चकाचक गिअरनंतर आम्ही आवक रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला : या तुकड्याला शेवटचा हात कोणी लावला, आणि कशाने? कापला असेल तर कसा कापला, घासला असेल तर कोणत्या पेपरने, तेलात ठेवला की तसाच आणला, सगळं त्यात लिहायचं. हा रकाना कोरा असेल तर नमुना आमच्या टेबलावर चढत नाही, मग पाठवणाऱ्याचा कितीही मोठा वशिला असो.