फाइल लॉक केली, पण पाठवली कुणी? जीपीजीनं कागदपत्रं बंद करा आणि त्यावर सही करा

ताई पुण्यात शिकायला, आई-बाबा गावाकडं आणि ॲडमिशनची शेवटची तारीख उद्या. मग काय, आधार, उत्पन्नाचा दाखला, पासबुकचं पहिलं पान, सातबारा, सगळं एका झिपमध्ये कोंबायचं आणि व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचं. आमच्या कर्जतमध्ये हे नेहमीचंच आहे. तुमच्याकडंही वेगळं नसणार.

व्हॉट्सॲपचा मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे तो वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण पोचल्यावर काय? फाइल समोरच्याच्या फोनमध्ये उघडीच पडून राहते. प्रिंट काढायला दुकानात पाठवली, तर तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्येही राहते. शिवाय दुसरा प्रश्न उरतोच. ही फाइल ताईनंच पाठवली आणि मध्ये कुणी त्यात फेरफार केला नाही, हे कशावरून?

मी घरचे कागद ताईला जीपीजी नावाच्या टूलनं पाठवतो. ते फुकट आहे, अँड्रॉइड फोनवर चालतं आणि दोन्ही प्रश्न सोडवतं. फक्त त्याला बटणं नाहीत, कमांड टाइप कराव्या लागतात. घाबरू नका, सात-आठच आहेत.

लॉक वेगळं, सही वेगळी

हा फरक कळायला तुमचं ई-आधार घ्या. त्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली 4 अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. म्हणजे ज्याला तुमचं नाव आणि जन्मसाल माहीत, त्याला पासवर्डही माहीत. लॉक तसं कच्चंच.

पण त्याच पीडीएफवर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये फाइल उघडली की सहीच्या जागी बऱ्याचदा प्रश्नचिन्ह दिसतं. सही तपासून घेतली की हिरवी टिक येते. त्या फाइलमध्ये पत्त्याचं एक अक्षर जरी कुणी बदललं, तरी ही तपासणी फेल होते. लॉक कच्चं, सही मात्र पक्की. आपल्याकडचा डिजिटल सहीचा सातबाराही याच तत्त्वावर चालतो. आणि हो, प्रिंट काढली की ही तपासणी संपली. कागदावरची टिक हे नुसतं चित्र असतं.

आता पासवर्डवाली झिप बघा. तिथं लॉक आहे, पण सही नाही. पासवर्ड माहीत असलेला कुणीही ती उघडून आतला कागद बदलू शकतो आणि त्याच पासवर्डनं परत बंद करू शकतो. तुम्हाला पत्ताही लागणार नाही. शिवाय साध्या झिपमध्ये पासवर्ड न टाकताही आतल्या फाइलींची नावं दिसतात.

दोन किल्ल्यांचा हिशोब

1991 मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचा प्रोग्राम लोकांसाठी खुला केला. त्याच पद्धतीचं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जीएनयूपीजी, थोडक्यात जीपीजी. जर्मनीच्या वेर्नर कॉख यांनी ते लिहिलं आणि 1999 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली.

यात प्रत्येकाकडं किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली कुणालाही द्यायची. खाजगी किल्ली कुणालाच द्यायची नाही. नियम दोनच:

1. गठ्ठा बंद करायचा तो समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीनं. मग तो फक्त त्याच्या खाजगी किल्लीनंच उघडतो.
2. सही करायची ती स्वतःच्या खाजगी किल्लीनं. ती तपासायला तुमची सार्वजनिक किल्ली पुरते.

आत काय होतं? सही करताना जीपीजी फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून एक ठराविक लांबीचा आकडा काढतं, त्याला हॅश म्हणतात. एक अक्षर बदललं तरी हॅश पार बदलतो. सही होते ती या हॅशवर. नंतर बंद करताना त्या एका वेळेपुरती नवी गुप्त किल्ली तयार होते. तिनं फाइल लॉक होते आणि ती छोटी किल्ली समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीनं बंद होते. सही आत, लॉक बाहेर.

तयारी

एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स हे ॲप घ्या. ताईलाही घ्यायला सांगा, कारण किल्ल्या दोघांकडं हव्यात. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा आणि स्पेस दाखवल्या तशाच ठेवा.

- पीकेजी इन्स्टॉल जीएनयूपीजी
यानं टूल बसतं.

- टर्मक्स-सेटअप-स्टोरेज
यानं टर्मक्सला फोनच्या फाइली दिसतात. परवानगी विचारेल, द्या. मग सीडी स्टोरेज/डाउनलोड्स असं टाइप करून डाउनलोड्समध्ये जा.

- जीपीजी --जेन-की
नाव आणि ईमेल विचारेल, मग पासफ्रेज मागेल. इथं जन्मसाल नको. चार-पाच असंबद्ध शब्दांचं वाक्य ठेवा.

- जीपीजी -ए -ओ किल्ली --एक्स्पोर्ट माझा-ईमेल
यानं तुमची सार्वजनिक किल्ली 'किल्ली' या फाइलमध्ये येते. ती ताईला पाठवा, तिची मागवा. आलेली किल्ली जीपीजी --इम्पोर्ट आणि पुढं फाइलचं नाव, असं लिहून आत घ्या.

कर्जत म्हणजे कुठलं कर्जत?

'मी कर्जतचा' म्हटलं की मुंबईची माणसं हमखास विचारतात, "लोकलनं येतोस का?" त्यांच्या डोक्यात रायगडचं कर्जत असतं. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, जुन्या सवयीनं म्हणायचं तर नगरचं. नाव एकच, गावं दोन. नुसत्या नावावर पार्सल पाठवलं तर ते कुठंही जाईल. पिनकोड लागतो.

किल्लीचंही तसंच आहे. किल्ली बनवताना नाव आणि ईमेल कुणीही काहीही टाकू शकतो, जीपीजी तपासत नाही. समजा ओटीपी काढून घेऊन कुणी ताईचं व्हॉट्सॲप बळकावलं आणि तिच्या नावानं स्वतःची किल्ली तुम्हाला पाठवली. तुम्ही घरचे सगळे कागद इमानदारीत त्या भामट्यासाठी लॉक करून द्याल.

म्हणून किल्लीचा पिनकोड बघायचा. त्याला फिंगरप्रिंट म्हणतात. जीपीजी --फिंगरप्रिंट ताईचा-ईमेल असं टाइप केलं की आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून साधारण 40 खुणा दिसतात. ताईला फोन लावा, तिला तिच्या फोनवरच्या खुणा वाचायला सांगा आणि एकेक जुळवा. किल्ली ज्या चॅटवर आली त्याच चॅटवर फिंगरप्रिंट विचारू नका, कारण तिथं भामटाच उत्तर देईल. आवाज ओळखीचा हवा, किंवा समोरासमोर भेट.

सगळं जुळलं की जीपीजी --एलसाइन-की ताईचा-ईमेल ही कमांड द्या. 'ही किल्ली मी तपासली आहे' अशी नोंद तुमच्या फोनपुरती होते. ही पायरी गाळली तर पुढं गठ्ठा बंद करताना जीपीजी इशारा देतं की ही किल्ली त्याच व्यक्तीची आहे याची खात्री नाही. तेव्हा घाईत 'वाय' दाबू नका.

गठ्ठा बांधा, सही करा, बंद करा

सगळे कागद 'कागद' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत असं समजू.

- टार -सीएफ गठ्ठा कागद
टार सगळ्या फाइली एकत्र बांधतं. ते लॉक करत नाही.

- जीपीजी -एस -ई -आर ताईचा-ईमेल -आर माझा-ईमेल गठ्ठा
'एस' म्हणजे सही, 'ई' म्हणजे एन्क्रिप्ट, 'आर' म्हणजे कुणासाठी. स्वतःचाही ईमेल टाकायचा, नाहीतर बंद केलेला गठ्ठा तुम्हालाच उघडता येणार नाही.

तयार होते ती गठ्ठा.जीपीजी ही फाइल. ती व्हॉट्सॲप, मेल, ड्राइव्ह, कशावरूनही पाठवा. ताईनं तिकडं असं करायचं:

- जीपीजी -ओ गठ्ठा -डी गठ्ठा.जीपीजी
- टार -एक्सएफ गठ्ठा

पहिल्या कमांडनंतर 'गुड सिग्नेचर' आणि तुमचं नाव दिसलं तर गठ्ठा तुमच्याच किल्लीनं सही केलेला आहे आणि जसाच्या तसा पोचला आहे. 'बॅड सिग्नेचर' दिसलं किंवा सहीबद्दल काहीच दिसलं नाही, तर आतला कागद वापरू नका. आधी फोन करा.

हे विसरू नका

- मूळ फोल्डर आणि 'गठ्ठा' फोनमध्ये तसेच राहतात. जीपीजी ते पुसत नाही. काम झालं की तुम्ही पुसा.
- बाहेरच्या फाइलचं नाव सगळ्यांना दिसतं. तिला 'बाबांचं-पासबुक' असं नाव देऊ नका.
- 'फरगॉट पासवर्ड' इथं नाही. खाजगी किल्ली किंवा पासफ्रेज गेली की जुने गठ्ठे कायमचे बंद. जीपीजी -ए -ओ जपून --एक्स्पोर्ट-सिक्रेट-कीज माझा-ईमेल या कमांडनं किल्लीची प्रत काढा, पेनड्राइव्हवर घेऊन घरी ठेवा आणि फोनमधली ती फाइल पुसा.
- ही सही तुमच्या आणि ताईच्या विश्वासाची आहे. सरकारी कामाला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार परवाना असलेल्या संस्थेकडून मिळालेलं डिजिटल प्रमाणपत्र लागतं. जीपीजीची सही घेऊन तहसीलला जाऊ नका.
- प्रिंटच्या दुकानात गठ्ठा पाठवून उपयोग नाही, त्यांच्याकडं तुमची किल्ली नाही. तिथं लागेल तो एकच कागद द्या आणि प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करून घ्या.

पहिल्यांदा खरे कागद घेऊ नका. एखादा फालतू फोटो घ्या, गठ्ठा करून बहिणीला किंवा मित्राला पाठवा आणि त्यांच्याकडं 'गुड सिग्नेचर' येतं का बघा. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री किल्ल्या बनवत बसण्यापेक्षा आज निवांत वेळ असताना केलेलं बरं. कुठली कमांड अडली तर स्क्रीनवर काय लिहून आलं ते पूर्ण वाचा. जीपीजी बोलतं रुक्ष, पण काय चुकलं ते बहुतेक वेळा सांगतं.