चतकोर आणि कमान

सकाळी साडेसहा

ताईच्या बाळाचं बारसं पुढच्या महिन्यात आहे. दुपटी, टोपरी, झबली कुणीही आणोत, गोधडी मात्र माझ्या हातची जाणार, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय. माझी ही पहिलीच गोधडी. सरळ शिवण हातात बसली आहे, आजपासून गोलाईची.

निळं टू बाय टू आणि पांढरं पॉपलिन, दोन्ही कापडं काल पाण्यातून काढून वाळत टाकली होती. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. गोधडी पुरी झाल्यावर एक रंग आटला आणि दुसरा आटला नाही, तर जोडावर कायमच्या सुरकुत्या बसतात. आता साबुदाण्याची पातळ खळ देऊन, जरा दमट असतानाच इस्त्री. सरळ शिवणीला खळ नसली तरी चालून जातं. गोलाईला ती हवीच, कारण गोलाई कापली की कापडाची कड क्रॉसमध्ये, म्हणजे धाग्यांना तिरकी जाते आणि क्रॉस कड नुसत्या हाताळण्यानेही लांबते. खळ तिला शिवण पडेपर्यंत जागेवर धरून ठेवते.

खणाचं कापडही घ्यावंसं फार वाटत होतं. बाळाच्या आजीला आवडलं असतं. पण खण कापला की कडेचे धागे सुटत राहतात, आणि शिवणीबाहेर सोडलेल्या पाव इंचाच्या मायेतून दोनचार धागे गेले तर शिवणीला धरायला उरतं काय? पुढच्या गोधडीत खणाच्या सरळ पट्ट्या घालीन.

साडेसात

साचे. जाड पुठ्ठा, शाळेचा कंपास, स्टीलची पट्टी.

एक चौकोन दोन तुकड्यांचा. एक तुकडा भाकरीच्या चतकोरासारखा, म्हणून त्याला चतकोरच म्हणते. दुसरा त्याला कवेत घेणारा, त्याला कमान. तयार चौकोन ६ इंचांचा आणि गोलाई कोपऱ्यापासून ४ इंचांवर. चारी बाजूंनी पाव इंच माया धरली की चतकोराची सरळ बाजू साडेचार इंच होते आणि कमानीच्या टोकांची रुंदी अडीच इंच. असे ३६ चौकोन, सहा ओळींत सहा, म्हणजे गोधडी ३६ इंच लांब आणि तितकीच रुंद. बाळाला पुरेशी.

साचे कापून झाले आणि ते एकमेकांवर ठेवले की गोलाईतली खरी अडचण समोर येते. चतकोराची कड बाहेर फुगलेली, कमानीची आत वळलेली, आणि दोन्हींची लांबी एक नाही. चतकोराची गोल कड पावणेसात इंचांच्या जरा आत भरते, कमानीची सहाच्या जरा आत. पाऊण इंचाहून किंचित जास्त फरक. हे जुळणार कसं, असं कुणालाही वाटेल. पण मायेच्या आतली, जिथे प्रत्यक्ष टाका पडायचा ती रेघ मोजली, तर ती दोन्ही तुकड्यांवर सव्वासहा इंच. कडा वेगळ्या, रेघ एकच.

हा फरक गोलाई केवढी आहे यावर अवलंबून नाही. त्रिज्या ४ इंचांऐवजी १० इंच घेतली तरी चतकोर आणि कमान यांच्या कडांतलं अंतर तेवढंच राहतं, कारण ते मायेतून येतं. एकीकडे पाव इंच बाहेर, दुसरीकडे पाव इंच आत. फक्त मोठ्या गोलाईत तो पाऊण इंच लांबवर पसरतो आणि लहान गोलाईत थोडक्या जागेत कोंबावा लागतो. ज्यांना ही शिवण नव्याने शिकायची आहे त्यांनी बशीएवढी गोलाई घ्यावी, वाटीएवढी घेऊ नये, ते याचसाठी.

नऊ

कापणी. साच्याच्या सरळ बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांवर बसवल्या. हे सोडायचं नाही, कारण चौकोनाची बाहेरची कड ताणली जाऊ लागली की सगळी गोधडी तिरकी होते. सरळ बाजू धाग्यावर बसल्या की गोलाई आपोआप अशी पडते: दोन्ही टोकांशी जवळजवळ सरळ धागा, आणि मधोमध पूर्ण क्रॉस. म्हणजे गोलाई सगळीकडे सारखी ताणली जात नाही. टोकं ताठ राहतात, देतात ते फक्त मधले दोनतीन इंच. हे बोटांनी करून बघण्यासारखं आहे. कमानीचा तुकडा टोकांशी धरून ओढला तर तो हलत नाही. मधे धरून ओढला की हलकेच लांबतो.

उलट्या बाजूने शिवणीची रेघ पेन्सिलने आखली, दोन्ही तुकड्यांवर. मग प्रत्येक तुकडा गोलाईच्या मध्यावर दुमडून नखाने घडी उमटवली. मध्य हाताशी असला की अर्धं काम झालं.

साडेदहा

गल्लीच्या तोंडाशी एका काकूंचं दुकान आहे: ब्लाउज, पिको-फॉल, जुने कपडे अल्टर. गोधडी त्या शिवत नाहीत. मी दोन तुकडे आणि आखलेली रेघ दाखवली, तर चष्मा खाली सरकवून म्हणाल्या, "अगं, ही तर कटोरी! वरची आणि बाजूची पट्टी. यात नवीन काय?"

खरंच काही नवीन नाही. कटोरी ब्लाउजमध्ये फुगलेला तुकडा आत वळलेल्या तुकड्याला जोडतात. प्रिन्सेस कटमध्ये तीच गोलाई उभी येते. बाहीचं गोल डोकं मुंढ्यात बसवताना पुन्हा तेच. ज्या शिवणीला गोधडी शिकणाऱ्या बायका घाबरतात ती आपल्याकडच्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालुक्याच्या गावात रोज शिवली जाते, आणि शिवणारीला त्यात काही विशेष केलंय असं कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला हवं. एक अस्तराचा कटोरी ब्लाउज चुणी न पडता बसवायला हाताला जे कळावं लागतं, ते कुठल्याही गोधडीपेक्षा कमी नाही.

काकूंनी तुकडे हातात घेतले. कमान वर, चतकोर खाली. मध्याची घडी मध्याच्या घडीवर, तिथे एक टाचणी. मग टोकं. "टोक आधी सरळ लाव. टोक हललं की पुढची सगळी शिवण वाहते." तिसरी टाचणी. मधल्या जागेत चतकोराचं कापड फुगून वर आलं होतं.

"आता या फुगाऱ्याचं काय करायचं, काकू?"

"काही नाही करायचं. तू कडेकडे बघतेस म्हणून तो दिसतो. रेघेवर टाचणी घाल, वरून खालच्या रेघेवर निघाली की झालं. कड आपली आपण वाकते."

त्यांनी एक टाचणी रेघेवर खुपसून दुसऱ्या बाजूने दाखवली: दोन्ही रेघांवर बरोबर. त्या जागी फुगारा दबला. अशाच अजून दोन, आणि तुकडे एकमेकांत बसले.

एका गोष्टीवर आमचं पटलं नाही. काकू म्हणाल्या, आत वळणाऱ्या कडेला कातरीचे कट द्यायलाच हवेत. त्यांच्या कामात ते खरं आहे. ब्लाउजच्या गोलाईला अर्धा इंच माया असते आणि कट दिल्याशिवाय ती उलटत नाही. माझी माया पाव इंच. त्यात कट घातले तर शिवणीशेजारी उरतात जेमतेम दोनतीन धागे, आणि बाळाची गोधडी सारखी धुतली जाणार. ४ इंचांच्या गोलाईत क्रॉस कापड एवढं ताणून देतं की कटाची गरज पडत नाही. काकूंनी ऐकून घेतलं, "बघ, तुझं तू," म्हणाल्या, आणि निघताना अकरा नंबरच्या सुया हातावर ठेवल्या. माझ्या मशीनला चौदाची लावलेली होती. पातळ सुती कापडाला ती जाड पडते.

बारा

मशीन. टाका बारीक, २ मिलिमीटरचा. गोलाईवर लांब टाका गोल दिसत नाही, कोन कोन दिसतो.

कमान वर का ठेवायची, ते शिवताना उलगडलं. मशीनचे दाते खालच्या कापडाला धरून पुढे ढकलतात. वरचं कापड नुसतं फूटखाली दाबलेलं असतं. त्यामुळे खालचं कापड किंचित जास्त ओढलं जातं. कडेला कापड जास्त आहे ते चतकोराचं. तो खाली असला की दाते ते जास्तीचं स्वतःच सामावून घेतात. शिवाय घडी पडते ती वरच्या कमानीत पडते, डोळ्यांसमोर, बोटाने बाजूला करता येते.

सुरुवातीला दोन टाके उलटे घेत नाही, जाडी येते. पहिला अर्धा इंच सावकाश. मग सुई कापडात ठेवून थांबायचं, फूट उचलायचा, कमानीचा मोकळा भाग डाव्या हाताने डावीकडे आणि थोडा स्वतःकडे घ्यायचा, फूट खाली. पुन्हा इंचभर. टाचणी सुईजवळ आली की काढून घ्यायची, तिच्यावरून शिवायचं नाही. नजर सुईवर ठेवायची नाही. सुईच्या पुढे नखभर अंतरावर दोन कडा एकत्र आहेत ना, एवढंच बघायचं. त्यापुढची सगळी गोलाई वेडीवाकडी दिसत असते. ती तशीच दिसू द्यावी, तिची पाळी अजून आलेली नाही.

मध्याच्या आधीचे दोन इंच अवघड, कारण तिथेच कापड पूर्ण क्रॉसमध्ये येतं. तिथे कमान ओढून चतकोरापर्यंत आणायचा मोह होतो. ओढलेली क्रॉस कड टाक्यात तशीच अडकते आणि उलटल्यावर लाटेसारखी उभी राहते. ओढायचं नाही, टेकवायचं. बोटाच्या पेराने वरची कड खालच्या कडेवर टेकवली की ती तिथे राहते. चुणी पडलीच तर सगळी शिवण उसवू नये. चुणीच्या आधीचे चारपाच टाके आणि नंतरचे चारपाच, एवढेच उसवून तेवढाच भाग पुन्हा बसवता येतो.

दीड

वरण-भात, कैरीचं लोणचं. मशीनवर पुन्हा बसण्याआधी फिरकी भरून घेतली.

आईची मऊ, झिजलेली सुती साडी मधल्या थराला काढून ठेवली आहे. आपल्या गोधडीत असे जुन्या साड्यांचे थर असतात आणि वरून धावदोरा. ठिगळ गोल असलं तर कड आत दुमडून ते वर ठेवतात आणि टाके घालतात. गोलाई वर बसते, जोडात येत नाही. ती रीत शहाणपणाची आहे, कापड वाया जात नाही आणि खालचा थर बळकट राहतो. मला मात्र जोडातली गोलाई शिकायची होती. दोन रंग एकमेकांवर नव्हेत, एकमेकांच्या बाजूला यावेत आणि मधली रेघ नुसती वळावी, हे बघायचं होतं.

दोन ते चार

दुपारभर हेच. टाचण्या आधी पाच लागत होत्या, मग तीन पुरायला लागल्या: मध्य आणि दोन टोकं. हात उशिरा शिकतो, पण शिकलेलं टाकत नाही. निळा चतकोर पांढऱ्या कमानीत, मग पांढरा निळ्यात. ३६ पैकी अर्धे असे, अर्धे तसे. आज दोन ओळींपुरते होतील, उरलेले या आठवड्यात.

चार

इस्त्री. माया कमानीकडे वळवायची. तसं केल्यावर चतकोराची माया जिथे होती तिथेच सपाट राहते आणि कमानीची कड थोडी ताणली जाते. ती क्रॉस असल्याने ताणते. उलट दिशेला वळवली तर चतकोराची लांब कड आखडत्या जागेत जाऊन गोळा होते आणि ती जाडी वरून दिसते. इस्त्री सरकवायची नाही. उचलायची, ठेवायची, दाबायची, उचलायची. सरकवली की सकाळपासून जपलेली क्रॉस कड एका फटक्यात लांबते.

मग प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांच्या साच्याखाली ठेवून जास्तीचं कापड छाटलं. कमान कापतानाच बाहेरच्या दोन बाजूंना थोडं कापड जास्त ठेवलं होतं, ते यासाठी.

सहा

गादीवर मांडणी. शिवलेले चौकोन आणि न शिवलेल्या जोड्या, सगळे. चार चतकोरांची तोंडं आत वळवली की पूर्ण गोल होतो, असे नऊ गोल. तोंडं फिरवत नेली की नागमोडी वाट तयार होते. अमेरिकेत या वाटेच्या नमुन्याला ड्रंकर्ड्स पाथ, म्हणजे दारुड्याची वाट, म्हणतात, आणि निळ्या-पांढऱ्या रंगांत तो तिथे खूप शिवला गेला. दारूबंदीसाठी १८७४ साली तिथे स्थापन झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेशी, वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियनशी, या नमुन्याचं नाव जोडलं गेलं आहे. याच संघटनेबद्दल पंडिता रमाबाईंनी मराठीत लिहिलं होतं. त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचं पुस्तक १८८९ साली निघालं. सभा घेणाऱ्या, पैसे उभे करणाऱ्या, कायद्यासाठी झगडणाऱ्या बायका त्यांनी तिथे बघितल्या. त्या बायकांपैकी कित्येकींच्या घरी असे चौकोन शिवले जात असतील, ही कल्पना मला मांडणी करताना बळ देते.

नऊ गोल सुंदर दिसतात. पण नजर त्यांच्या चार जोडांवर जाऊन थांबते आणि नवख्या हाताची प्रत्येक गुंजभर चूक तिथे दिसते. वाटेत नजर पुढे जात राहते. मी वाट ठरवली. ताईला फोटो पाठवला. तिने विचारलं, गोल का नाहीत? बाळाला रांगायला रस्ता नको का, म्हटलं.

साडेनऊ

सगळं उचलून ठेवण्याआधी प्रत्येक ओळीच्या डावीकडच्या चौकोनाला क्रमांकाची चिठ्ठी टाचली. ओळी जोडताना पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीतल्या उभ्या शिवणींची माया डावीकडे वळवायची, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीतली उजवीकडे, म्हणजे जोडावर दोन जाड्या एकावर एक येणार नाहीत. तेही चिठ्ठीवर लिहून ठेवलं, आणि गोलाईच्या उरलेल्या जोड्या मध्याला टाचणी लावून मशीनशेजारी रचल्या.